पेटी जुळवली, तरी गंधार खटकतो काऊन?

गावोगावच्या भजन मंडळांत आता मोबाइलवरचं ट्यूनर शिरलं आहे. एकतारी लावायची असो की नवशिक्या पोराचा सूर तपासायचा असो, फोन पुढे ठेवला की सुई सांगते, सूर चढला की उतरला. सोय चांगली आहे, पण एक घोळ हमखास होतो. मंडळातले मुरलेले बुवा एकतारीवर शुद्ध गंधार धरतात, ऐकणाऱ्यांच्या माना डोलतात, आणि फोनची सुई मात्र उणे १४ वर जाऊन लाल होते. तोच गंधार पेटीवर दाबला तर सुई बरोबर मधोमध, हिरवी. पेटीवाला म्हणतो, बुवा उतरले. बुवा म्हणतात, पेटी कणसूर आहे.

गंमत अशी की दोघंही खरं बोलतात. ते कसं, हे कळायला चार आकडे आणि एक दोरी पुरते.

## गोड लागतं तेव्हा नेमकं काय होतं

सूर म्हणजे हवेची थरथर. ती सेकंदाला किती वेळा होते त्या आकड्याला आंदोलनं म्हणतात. हिशेबाला सोपं म्हणून सा २४० आंदोलनांचा धरू. संगीताच्या जुन्या पुस्तकांतही तसाच धरायची रीत आहे. तार सा त्याच्या दुप्पट, ४८०. पंचम दीडपट, ३६०. मध्यम ३२०, गंधार ३००. म्हणजे सा आणि ग यांचं नातं चारास पाच, सा आणि प यांचं दोनास तीन. असे लहान आकडे जमले की कान सुखावतो.

कारण कोणताही सूर एकटा येत नाही. एकतारीची तार छेडली की २४० सोबत ४८०, ७२०, ९६०, १२०० असे बारीक सूरही निघतात. हे उपस्वर. नीट जवारी लावलेला तंबोरा शांत खोलीत ऐका, यांतला पाचवा, १२०० चा, स्पष्ट ऐकू येतो. कुणी गात नसतं तरी गंधार वाजत असतो, म्हणून गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. बुवांनी ३०० चा गंधार लावला तर त्याचा चौथा उपस्वरही १२०० च येतो आणि दोन्ही एकमेकांत विरघळतात. बुवांच्या हातात ट्यूनर नसलं तरी एकतारी आहे, आणि ती त्यांना हाच गंधार दाखवत असते.

पेटीचा गंधार ३०२.४ आंदोलनांचा असतो. त्याचा चौथा उपस्वर १२०९.५. शेजारी एकतारीचे १२०० वाजत आहेत. जवळजवळचे दोन सूर एकत्र वाजले की आवाज फुगतो-ओसरतो, आणि किती वेळा, तर दोघांतल्या फरकाइतका. इथे सेकंदाला साडेनऊ वेळा. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. आपण हेलकावा म्हणू. सेकंदाला एखादा हेलकावा असला तर सूर नुसता डोलतो. नऊ-दहा झाले की फरफर येते, वीस-तीस झाले की खरखर. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ मध्ये ही खरखर हेच विसंवादाचं मूळ मानलं, आणि सेकंदाला साधारण ३३ हेलकाव्यांना ती सगळ्यांत जास्त टोचते असं मांडलं. पुढे १९६५ मध्ये प्लॉम्प आणि लेव्हेल्ट या डच संशोधकांनी त्यात दुरुस्ती केली: नेमका कोणता फरक जास्त टोचेल हे सूर खर्जातले आहेत की वरचे, यावरही ठरतं.

पेटीचा पंचम मात्र ३५९.६ आहे, म्हणजे जवळपास ३६० च. हेलकावा सव्वा सेकंदाला एक. म्हणून पेटीच्या सा-प ला कुणी नाव ठेवत नाही, भांडण नेहमी गंधारावरच होतं.

## वावरात दोरी टाकून पाहा

सुरांमधलं अंतर मोजायचं माप म्हणजे सेंट. इंग्रज अभ्यासक अलेक्झांडर एलिस यांनी एकोणिसाव्या शतकात ते रूढ केलं. सा ते तार सा १२०० सेंट, आणि आजच्या पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. ट्यूनरची सुई सेंटमध्येच बोलते.

आता एक सेंट म्हणजे एक सेंटिमीटर धरा आणि वावरात या. मोठी दोरी १२ मीटरची, ते झालं सप्तक. लहान दोरी ७ मीटर २ सेंटिमीटरला केसभर कमी, तो झाला सा-प, दीडपटीचा खरा पंचम. एका धुऱ्यापासून मोठी दोरी सात वेळा टाका: ८४ मीटर. तिथूनच लहान दोरी बारा वेळा टाका. पंचमावर पंचम घेत पेटीच्या बाराही पट्ट्या फिरून पुन्हा सा वर यायचं तर दोन्ही दोऱ्या एकाच जागी संपायला हव्यात. त्या संपत नाहीत. लहान दोरी साडेतेवीस सेंटिमीटर पुढे जाते. साधारण एक वीत.

ही वीत कारागिराच्या चुकीनं उरत नाही. पंचमानं पुढे जायचं म्हणजे तीनानं गुणत जायचं, सप्तकानं जायचं म्हणजे दोनानं. तीनाला तीनानं कितीही वेळा गुणा, उत्तर विषमच येतं. दोनाचं नेहमी सम. विषम आणि सम आकडा एक होणार कसा? सा २४० असेल तर बारा पंचम फिरून, तितकी सप्तकं खाली उतरून, हाती २४३.३ येतात. सा वर परत आलोच नाही.

## त्या वितीला काय म्हणतात

या उरलेल्या तुकड्यांना पाश्चात्त्य संगीतात कॉमा म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तुकडा, काप. साडेतेवीस सेंटचा हा पायथागोरसचा कॉमा.

दुसरा कॉमा आपल्या जास्त कामाचा आहे. सा २४० वरून पंचमांनी चढा: प ३६०, त्यावर रे ५४०, तो एक सप्तक खाली आणला की २७०, त्यावर ध ४०५. आता दुसऱ्या वाटेनं या. मध्यम ३२०, त्याच्यावरचा गोड गंधार म्हणजे ध, चारास पाच या हिशेबानं ४००. धैवत एकच, पण एका वाटेनं ४०५ आणि दुसऱ्या वाटेनं ४००. हा फरक ८१ ला ८० चा, साडेएकवीस सेंटचा. त्याला सिंटॉनिक कॉमा म्हणतात. भरताच्या नाट्यशास्त्रात दोन वीणा शेजारी ठेवून एकीचा पंचम किंचित उतरवायला सांगितला आहे. त्या किंचित अंतराला प्रमाणश्रुती असं नाव आहे. आजचे बरेच अभ्यासक प्रमाणश्रुती म्हणजे हाच ८१:८० चा फरक धरतात.

तिसरा तुकडा डायसिस. सा वर गोड ग, त्या ग वर पुन्हा गोड ग, असं तीनदा करा: ३००, ३७५, ४६८.७५. तार सा यायला हवा होता ४८०. इथे दोरी पुढे जात नाही, ४१ सेंट कमी पडते. जवळजवळ दोन विती.

## आणि लांडगा?

उरलेली वीत कुठे तरी टाकावीच लागते. ती एका ठिकाणी ढकलली तर बाकी सगळं गोड राहतं आणि ते एक ठिकाण भयंकर होतं. युरोपात बाजे जुळवणाऱ्यांनी नेमकं हेच केलं आणि त्या ठिकाणाला नाव दिलं लांडगा, इंग्रजीत वुल्फ. चर्चच्या ऑर्गनवर ते दोन सूर एकत्र दाबले की लांडगा विव्हळल्यासारखा आवाज निघायचा, म्हणून.

सोळाव्या शतकापासून तिकडे जी जुळणी चालली तिचा हिशेब दोरीवर पाहा. गंधार गोड हवा म्हणून त्यांनी अकरा लहान दोऱ्या प्रत्येकी ५.४ सेंटिमीटर कापल्या. चार पंचम फिरले की गंधार येतो, आणि चार वेळा ५.४ म्हणजे साडेएकवीस, म्हणजे बरोबर सिंटॉनिक कॉमा. गंधार अगदी ३०० वर बसला. पण अकरा दोऱ्यांत मिळून ५९ सेंटिमीटर कापले गेले, आणि कापायचे होते फक्त साडेतेवीस. जास्तीचे जवळपास ३६ बाराव्या दोरीला जोडावे लागले. तो बारावा पंचम ७०२ ऐवजी ७३८ सेंटचा झाला. सा २४० वर वाजवला तर सेकंदाला १५ हेलकावे. हा लांडगा. वादक मग त्या पट्टीच्या वाटेलाच जात नसत, आणि रचनाही तशाच व्हायच्या.

पंचम एकही न कापता सगळी वीत शेवटच्या दोरीतून काढली, तर उलट प्रकारचा लांडगा मिळतो: ६७८ सेंटचा आखूड पंचम.

आपल्या पंचांगात हाच पेच आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. ते दिवस साठवून आपण एक अख्खा महिना घालतो, धोंड्याचा. २०२३ मध्ये श्रावण दोनदा आला तो यामुळेच. लांडगा हा सुरांचा धोंड्याचा महिना म्हणायला हरकत नाही. फक्त धोंड्याला जावयाला अनारसे मिळतात, लांडग्याच्या नशिबी तेवढंही नाही.

(चेलो या वाद्यावरही एका सुराला लांडगा म्हणतात. तो वेगळा: लाकडी पेट आणि तार एकमेकांशी झगडल्यानं सूर अडखळतो. त्याचा जुळणीशी संबंध नाही.)

## सगळ्यांनी थोडं थोडं सोसायचं

आजची पेटी, कॅसिओ, गिटार आणि फोनचं ट्यूनर तिसऱ्या वाटेनं चालतात. वीत बारा दोऱ्यांत सारखी वाटायची. प्रत्येक पंचम फक्त दोन सेंटनं आखूड. लांडगा मेला. पण गंधार ३८६ सेंटवर हवा, तो ४०० वर जाऊन बसला. फोनवरचे उणे १४ ते हेच.

फोन हाच बारा समान भागांचा हिशेब खरा मानतो, म्हणून खऱ्या गायकाला लाल दाखवतो. फोन वापरायचाच तर सा वर सुई शून्यावर आणा आणि तिथून पुढे सुई कुठे दिसायला हवी ते लक्षात ठेवा. शुद्ध रे अधिक ४, शुद्ध ग उणे १४, म उणे २, प अधिक २, शुद्ध ध उणे १६, शुद्ध नी उणे १२. कोमल रे अधिक १२, कोमल ग अधिक १६, कोमल ध अधिक १४. कोमल नी दोन प्रकारे लागतो, उणे ४ किंवा अधिक १८. हे आकडे एकतारीवर धरून ठेवलेल्या सुराचे आहेत. रागाच्या चालीत, सूर झुलवताना, मींडेत म्हणजे घसरत जाताना तो याच्या अलीकडे-पलीकडे जातो आणि तो जायलाच हवा. शिकणाऱ्या पोरानं ग म्हणताना सुई शून्यावर आणायचा सराव केला तर त्याचा कान फोन घडवील. त्यापेक्षा फोन खिशात आणि एकतारी हातात बरी.

## मग कणसूर कशाला म्हणायचं

इथेच सगळे शब्द एकमेकांत मिसळतात. कणसूर म्हणजे सूर जिथे हवा तिथून कणभर हललेला. बेसूर म्हणजे चांगलाच हललेला. हे दोष आहेत, दुरुस्त होतात. लांडगा, कॉमा आणि चढा गंधार हे हिशेबातले शिल्लक तुकडे आहेत. ते एका जागेवरून दुसरीकडे हलवता येतात, पुसता येत नाहीत.

आपल्या पेटीत यांतलं काय आहे हे घरी तपासता येतं. पेटी दोन सुरांची असेल, म्हणजे एका पट्टीला दोन पितळी सूर वाजत असतील, तर एकच पट्टी दाबा, भाता संथ आणि सारखा ठेवा. एकट्या पट्टीतच आवाज फुगत-ओसरत असेल तर त्या दोन सुरांचं जमत नाही. हा बिघाड, पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. एकटी पट्टी स्वच्छ आहे आणि सा-ग एकत्र दाबल्यावरच फरफर येते, तर पेटी ठीक आहे, तो हिशेब. सा-प मध्ये वेगानं हेलकावे आले तर पुन्हा बिघाड, कारण मधल्या सप्तकात तिथे सेकंदाला एखाद-दुसऱ्याहून जास्त यायलाच नको.

पितळी सूर लावायचा नियम सोपा. सुरातल्या थरथरणाऱ्या पातळ पात्याचं, म्हणजे जिभेचं, मोकळं टोक खरवडलं की ते हलकं होतं आणि सूर चढतो. रिव्हेटजवळचं मूळ खरवडलं की जीभ लवचीक होते आणि सूर उतरतो. खरवडणं म्हणजे अगदी पितळेची धूळ निघेल इतकंच. गेलेलं पितळ परत येत नाही, आणि एका जागी खोल ओरखडा पडला की जीभ पुढेमागे तिथेच तुटते. त्याआधी फटीत धूळ किंवा कापसाचा तंतू अडकला आहे का ते बघा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

ऊन लागलं म्हणून पेटी बिघडते का? मे महिन्यात पितळ तापून सगळे सूर किंचित उतरतात, पण सारखेच उतरतात, त्यामुळे आपसांतलं नातं टिकतं. बासरी उलट वागते. गरम हवेत ती चढते, थंडीत उतरते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत भात कापणीनंतर थंडीच्या रात्री नाटकं रंगतात तेव्हा बासरीवाला वाजवण्याआधी बासरी फुंकून गरम करतो ते उगाच नाही. भाता जोरानं हाणला तरीही खर्जाचे सूर थोडे खाली येतात, म्हणून जुळवताना आणि तपासताना भाता एकाच दाबाचा हवा.

## विवादी स्वर म्हणजे बेसूर?

नाही. नाट्यशास्त्रात स्वरांची चार नाती आहेत: वादी, संवादी, अनुवादी, विवादी. श्रुती म्हणजे सप्तकाचे बावीस बारीक टप्पे. नऊ किंवा तेरा श्रुतींचं अंतर असलेले संवादी, म्हणजे आपले सा-म आणि सा-प. दोन श्रुतींवरचे विवादी, उदाहरणार्थ रे-ग किंवा ध-नी. इथे विवादी म्हणजे अंतर. पुढे रागशास्त्रात अर्थ बदलला. रागात न लागणारा, लावलाच तर जपून लावायचा स्वर तो विवादी. बिहागात तीव्र मध्यम असाच दबकत आला आणि आता घरचा झाला. तो पूर्ण सुरात असतो. त्याचा प्रश्न जागेचा आहे, जुळणीचा नाही.

असाच एक गैरसमज तीव्र मध्यमाबद्दल पसरलेला आहे. सा आणि तीव्र म या जोडीला युरोपात 'संगीतातला सैतान' म्हणत, आणि चर्चनं तिच्यावर बंदी घातली होती, असं सांगतात. नाव खरं आहे, अठराव्या शतकातल्या लिखाणात सापडतं. बंदीची गोष्ट मात्र दंतकथा. आपल्याकडे यमनचा जीव याच तीव्र मध्यमात आहे, त्यामुळे आपण तरी सैतानाला घाबरायचं कारण नाही.

## गोड सुरांची पेटीच का बनवत नाहीत?

बनवता येते. सूर वरच्या आकड्यांवर खरवडून घ्या, एका सा पुरती पेटी अप्रतिम बोलेल. अडचण सा बदलल्यावर येते. रे २७०, ध ४००. आता दुसऱ्या गायकासाठी त्या रे लाच सा केलं तर त्याचा पंचम ४०५ हवा, पेटीवर आहे ४००. सेकंदाला १० हेलकावे, तेही पंचमात! दडवलेला लांडगा समोर आला. मंडळात एक बुवा काळी एकमधून गातात, बाई काळी चारमधून, शाळेतली पोरं आणखी वरून. एक पेटी सगळ्यांना पुरवायची तर समान वाटपाला इलाज नाही. स्केल चेंजर पेटी तर त्याशिवाय चालूच शकत नाही. पट्ट्या सरकवून सगळीकडे तोच सप्तक मिळतो, कारण सगळी अंतरं सारखी असतात.

प्रयत्न मात्र झाले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, आणि ई. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशांच्या साथीनं श्रुती हार्मोनियम घडवली गेली. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली आहे. सूर वाढले की किंमत वाढते, दुरुस्ती वाढते, आणि कोणती श्रुती कुठे ओढायची हे वाजवणाऱ्याला कळावं लागतं. खेड्यातल्या मंडळाला हे परवडणारं नाही, असं स्पष्ट सांगितलेलं बरं.

## रेडिओनं पेटीला हाकललं होतं ते यासाठीच?

बरंचसं. १९४० मध्ये आकाशवाणीवर पेटीला बंदी आली आणि १९७१ पर्यंत ती टिकली. आक्षेप दोन होते आणि लोक ते एकच समजतात. पहिला, पेटीत मींड निघत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. दुसरा, तिचा गंधार, धैवत, निषाद चढे. पहिल्याला जुळणीनं काही फरक पडत नाही. दुसऱ्याला पडतो, पण त्याची किंमत वर सांगितलीच.

मग इतकी वर्षं भजनांत पेटी चालली, कुणाला खटकलं कसं नाही? हेलकावे नीट जाणवायला सूर थोडा वेळ धरावा लागतो. तुकडोजी महाराजांच्या वळणाची खंजेरी भजनं द्रुत लयीत चालतात, सूर अर्ध्या सेकंदात पुढे जातो, खंजेरी आणि टाळ खरखर झाकून टाकतात. तिथे पेटी शोभतेच. संथ अभंगात, एकतारीवर बुवा गंधारावर थांबले की खरी फजिती.

अशा वेळी पेटीवाल्यानं एवढं करावं: गायक ग, ध किंवा नी वर थांबला की ती पट्टी सोडून द्यायची आणि खाली सा-प, किंवा म लागत असेल तर सा-म, धरून ठेवायचं. भाता हलका. सूर सुटला की पुन्हा साथीला यायचं. सा-ग-प असे तीन सूर एकत्र धरून 'भरण' देण्याची कॅसिओवाल्यांची सवय संथ भजनात टाळावी. बुवांचा ३०० आणि बाजाचा ३०२.४ तिथेच एकमेकांना भिडतात.